स्मृतीची मोजणी आणि तिचे दफ्तर

(प्रस्तावना)

जुना संगणक सुरू केला की काळ्या पडद्याच्या कोपऱ्यात पांढरे आकडे भराभर चढत जातात, एका ठरावीक संख्येवर येऊन थबकतात, आणि मग बारीकसा बीप देऊन यंत्र पुढच्या कामाला लागते. हे दृश्य शेकडो वेळा पाहिलेल्यांपैकी फारच थोड्यांनी स्वतःला असा प्रश्न विचारला असेल की, आपल्याजवळ स्मृती किती आहे हे या यंत्राला सांगितले कोणी. प्रश्न वरकरणी बालिश वाटतो, कारण ज्याची वस्तू त्याला तिचे मोजमाप ठाऊक असणारच, असे आपण गृहीत धरून चालतो. परंतु त्या काळच्या स्मृतीच्या चिपा स्वभावतः मुक्या होत्या. पत्त्याच्या तारांवर एखादा क्रमांक मांडला की त्या क्रमांकाच्या घरातील बिट बाहेर यावयाचे, एवढाच त्यांचा धर्म. आपली क्षमता किती, आपल्याला बोर्डावर कोठे बसविले आहे, शेजारी कोणी आहे की जागा ओस पडली आहे, यांपैकी कशाचाही जबाब देण्याची सोय त्यांच्यात नव्हती. याहून अडचणीची गोष्ट अशी की, जेथे चिप मुळीच नाही अशा क्रमांकाची विचारणा केली तरी प्रोसेसरला काही ना काही उत्तर मिळतेच. रिकाम्या जागेतून नकार म्हणून येत नाही. सबब स्मृती किती, हा प्रश्न अखेर कोणाच्या शब्दावर विश्वास ठेवावा या प्रश्नात परिणत होतो. आणि संगणकाची कार्यप्रणाली, म्हणजे रूढ भाषेत ऑपरेटिंग सिस्टीम, हा निवाडा कसकसा करीत आली, हेच या पुस्तकाचे प्रतिपाद्य आहे.

नागपूरकर वाचकाला ही गोष्ट उमजण्यास फार दूर जावे लागू नये. जुन्या मध्यप्रांताच्या या राजधानीभोवती आजही प्लॉटच्या जाहिरातीत मौजा, पटवारी हलका नंबर आणि खसरा क्रमांक हे त्रिकूट ठळकपणे छापले जाते. कारण क्षेत्रफळाचा आकडा कितीही मोठा असला तरी जमीन कोठून कोठवर, कोणाच्या वहिवाटीत आणि कोणत्या प्रकारची, हे कळल्यावाचून त्या आकड्याला मोल नाही, हे येथल्या माणसाला पिढ्यान्‌पिढ्यांच्या बंदोबस्ताने शिकविले आहे. जमिनीचे दफ्तर आणि संगणक यांची गाठही आमच्याच परिसरात लवकर पडली. भूमिअभिलेखांच्या संगणकीकरणाची केंद्र सरकारची योजना १९८८-८९ साली देशातील ८ जिल्ह्यांत प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली, आणि त्या आठांत महाराष्ट्रातून निवडला गेलेला जिल्हा म्हणजे आमच्या शेजारचा वर्धा. जमिनीच्या नोंदी संगणकात नेण्याची सुरुवात झाली त्या काळी बाजारात असलेले पर्सनल कॉम्प्युटर स्वतःच्या स्मृतीच्या नोंदी नीट ठेवण्यास अजून शिकतच होते. यास्तव महसुलाचा हा दृष्टान्त मी पुढील विवेचनात वारंवार हाताशी घेणार आहे.

आरंभीच्या संगणकांपुढे असला प्रश्न उभाच राहिला नव्हता. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली बांधला जाऊन १९६० साली कार्यान्वित झालेला आणि पुढे १९६२ त टिफ्रॅक या नावाने प्रसिद्धीस आलेला संगणक घ्या. फेराइटच्या सूक्ष्म कड्यांनी विणलेल्या त्याच्या स्मृतीत ४० बिटांचे २०४८ शब्द मावत. यंत्र एकच, त्याची स्मृती निश्चित, आणि त्याच्यासाठी आज्ञावली लिहिणारी मंडळी त्याच्याच आसपास वावरणारी. तेव्हा २०४८ ही संख्या यंत्राने मोजून काढावी अशी आवश्यकताच नव्हती, ती माणसांना तोंडपाठ होती. अडचण उत्पन्न झाली ती एकाच नमुन्याची लक्षावधी यंत्रे निघू लागली आणि प्रत्येक मालकाने आपापल्या ऐपतीप्रमाणे स्मृती घालावी अशी मुभा मिळाली तेव्हा. आता एकच कार्यप्रणाली अनोळखी घरात पाऊल टाकू लागली, आणि घर केवढे आहे याची चौकशी करणे हे तिचे पहिले कर्तव्य होऊन बसले.

१९८१ च्या ऑगस्टमध्ये आयबीएमने विक्रीस आणलेला पर्सनल कॉम्प्युटर हा या इतिहासाचा खरा प्रारंभबिंदू होय. त्याच्या मुख्य बोर्डावर १६ ते ६४ किलोबाइट स्मृती बसे, नऊ-नऊ चिपांच्या ओळींनी. आठ चिपा माहितीच्या आणि नववी चूक पकडण्यासाठी ठेवलेल्या पॅरिटी बिटाची. यापैकी किती ओळी भरल्या आहेत आणि जोडकार्डांवर आणखी किती स्मृती आहे, हे यंत्राला कळविण्यासाठी बोर्डावर नखाएवढ्या कळांच्या दोन पट्ट्या होत्या, आणि पेनच्या टोकाने त्या कळा वरखाली करून मालकाने आपला जबाब नोंदवावयाचा असे. म्हणजे पहिली पद्धत ही सर्वस्वी मालकाच्या जबानीवर चालणारी. असलेल्यापेक्षा अधिक स्मृती सांगितली तर प्रारंभिक तपासणीत २०१ क्रमांकाचा दोष पडद्यावर येई; कमी सांगितली तर वरची स्मृती, आकारणीतून सुटलेल्या शेताप्रमाणे, कोणाच्याही हिशेबात न येता पडून राही.

तपासणी संपली की बायॉस, म्हणजे यंत्राच्या रॉममध्ये कायमचा कोरलेला प्राथमिक कारभारी, ठरलेला आकडा स्मृतीच्या तळाशी एका मुकरर जागी दोन बाइटांत लिहून ठेवी. ती जागा म्हणजे, षोडशमान पद्धतीने लिहावयाचे तर, ००४० सेगमेंटमधील १३ वे घर. यानंतर ज्याला स्मृतीची चौकशी करावयाची असेल त्याने १२ क्रमांकाच्या इंटरप्टने बायॉसला हाक मारावी आणि किलोबाइटमध्ये उत्तर घ्यावे, असा शिरस्ता पडला. येथे लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की, ही हाक आल्यावर बायॉस पुन्हा मोजणी करीत नाही; तो केवळ दफ्तर उघडून ती दोन बाइटे वाचून दाखवितो. उत्तराचा कमाल आकडा ६४०, कारण ८०८८ या प्रोसेसरच्या २० पत्तातारांनी गाठता येणाऱ्या १०,४८,५७६ बाइटांपैकी ६४० किलोबाइटच्या वरचा सारा मुलूख पडद्याची स्मृती, जोडकार्डे आणि खुद्द बायॉसची रॉम यांच्यासाठी राखून ठेवलेला होता.

दफ्तरावर असा आंधळा विश्वास ठेवला की काय होते, याचा दाखला देण्यासाठी परदेशी जाण्याचे कारण नाही. 'जोशी' या आपल्या ओळखीच्या आडनावाने जगभर प्रसिद्ध झालेला व्हायरस १९९० च्या जूनमध्ये भारतात प्रथम नोंदला गेला. ५ जानेवारीस तो यंत्र अडवून धरी आणि कीबोर्डवर जोशीला वाढदिवसाच्या इंग्रजी शुभेच्छा टंकित केल्याखेरीज पुढे जाऊ देत नसे. त्याची ही थट्टा लोकांच्या ध्यानात राहिली, परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे ती त्याची लपण्याची युक्ती. फ्लॉपीच्या किंवा हार्ड डिस्कच्या पहिल्याच सेक्टरमध्ये ठाण मांडून बसल्यामुळे तो डॉस या कार्यप्रणालीच्याही आधी स्मृतीत शिरे, ६४० किलोबाइटच्या अगदी वरच्या टोकास स्वतःची प्रत ठेवी, आणि दफ्तरातील आकड्यातून ६ वजा करी. मागाहून आलेली डॉस १२ क्रमांकाची हाक मारी, तिला ६३४ हे उत्तर मिळे, आणि वरच्या ६ किलोबाइटांकडे ती पुन्हा ढुंकूनही पाहत नसे. चेकडिस्क ही आज्ञा दिल्यावर एकूण स्मृती ६,५५,३६० बाइट दिसावयाची तेथे ६,४९,२१६ दिसे. हा ६,१४४ बाइटांचा फरक म्हणजेच त्या घुसखोराने बळकावलेली जागा. रोगाची परीक्षा नाडीवरून व्हावी तशी त्या काळी कित्येक जाणकार ही परीक्षा केवळ त्या एका आकड्यावरून करीत असत. नोंदीत परस्पर फेरफार करून जमीन लाटण्याचा प्रकार महसुलाच्या इतिहासात नवा नाही. संगणकाच्या दफ्तरातही तो इतक्या सहजपणे शक्य झाला, याचे कारण प्रत्यक्ष जमीन आणि तिची नोंद यांची रुजुवात पाहणारा कोणी नव्हता.

अशा रुजुवातीचा पहिला प्रयत्न १९८४ साली आलेल्या आयबीएमच्या एटी या यंत्रात आढळतो. ८०२८६ या त्याच्या प्रोसेसरला २४ पत्तातारा, म्हणजे आवाका १६ मेगाबाइटांचा. त्यामुळे १ मेगाबाइटच्या वरची 'विस्तारित' स्मृती हे एक नवेच क्षेत्र मोजणीखाली आले. कळांच्या पट्ट्यांऐवजी आता मोटोरोलाच्या एमसी१४६८१८ या घड्याळाच्या चिपमधील ६४ बाइटांचे, बॅटरीवर जगणारे सीमॉस दफ्तर वापरात आले. त्यातील १७ आणि १८ क्रमांकांच्या घरांत मालकाने सेटअपमध्ये सांगितलेली विस्तारित स्मृती नोंदलेली असे, तर ३० आणि ३१ क्रमांकांच्या घरांत चालू होताना केलेल्या तपासणीत प्रत्यक्ष आढळलेली. एक जबानी, दुसरा पंचनामा. आणि दोहोंत तफावत पडली की १६४ क्रमांकाचा दोष दाखवून यंत्र मालकाला पुन्हा सेटअपकडे धाडी. बॅटरी संपली की मात्र जबानीचे सारे दफ्तरच धुऊन निघे.

ही तफावत आमच्या हवामानात विशेष परिचयाची झाली, याला भौतिक कारण आहे. उन्हाळ्यात ४५ अंशांपलीकडे जाणारे तापमान, रात्री बंद आणि दिवसा तापलेले यंत्र, या रोजच्या प्रसरण-आकुंचनाने खाचेत नुसत्या दाबून बसविलेल्या चिपा केसाएवढ्या वर सरकत आणि संपर्क सुटला की मोजणीचा आकडा घसरे. पुढे सिम या नावाच्या, चिपा जडविलेल्या स्मृतीच्या पट्ट्या आल्या, तेव्हा दोष चिपांच्या पायांतून पट्टीच्या संपर्करेषांवर आला. नागपुरात बर्डीवरच्या दुरुस्तीच्या टेबलापाशी उभे राहिलेल्या कोणालाही त्यावरचा उपचार ठाऊक आहे: पट्टी काढावयाची, तिच्या कडेच्या चकचकीत रेषा शाळकरी खोडरबराने दोन्ही बाजूंनी घासावयाच्या, फुंकर मारून कण उडवावयाचे, पट्टी तिरपी खोचून खट्‌ असा आवाज होईपर्यंत उभी करावयाची, आणि आकडे पुन्हा पूर्ण संख्येपर्यंत चढतात की नाही हे पाहत थांबावयाचे. त्या कारागिराने "रॅम घेत नाहीये" असा निर्वाळा दिला की त्यात प्रस्तुत विषयाचे सारे मर्म येते. वस्तू खाचेत आहे, परंतु यंत्राने ती आपली म्हणून स्वीकारलेली नाही.

दफ्तरावर भरवसा नसेल तर कार्यप्रणालीने स्वतःच मोजून का पाहू नये, असा प्रश्न येथे स्वाभाविकपणे उद्भवतो. पद्धत सोपी दिसते: एखाद्या पत्त्यावर असलेला मजकूर जपून ठेवावा, तेथे ठरावीक खूण लिहावी, ती वाचून पाहावी, जुळली तर उलटी खूण लिहून पुन्हा पडताळावे, जुना मजकूर परत ठेवावा, आणि असे एकेक मेगाबाइट पुढे सरकत खूण जुळेनाशी होईपर्यंत चालावे. परंतु या वाटेवर चकवे पुष्कळ आहेत. पहिला चकवा असा की, रिकाम्या जागी लिहिलेली खूण माहितीच्या तारांवर क्षणभर विद्युत्भाराच्या रूपाने रेंगाळते आणि लगेच वाचले तर तीच परत येते. म्हणून मध्ये दुसरीकडे भलतेच काही लिहून त्या तारा निवळून घ्याव्या लागतात. दुसरा चकवा कॅशचा, म्हणजे प्रोसेसरजवळच्या छोट्या, वेगवान स्मृतीचा. ती चालू असेल तर मागे स्मृती असो वा नसो, लिहिलेले स्वतःजवळूनच परत करू शकते. तिसरा चकवा विसाव्या क्रमांकाच्या पत्तातारेचा, जिला जाणकार ए२० म्हणतात. ८०८८ च्या काळातील काही आज्ञावली १ मेगाबाइटच्या पलीकडचा पत्ता वळसा घेऊन शून्यापाशी येतो या समजुतीवर विसंबून होत्या. त्यांची गैरसोय होऊ नये म्हणून एटीमध्ये ही तार कीबोर्डाच्या नियंत्रक चिपमार्फत बंद ठेवण्याची व्यवस्था करण्यात आली. ती बंद असताना १ मेगाबाइटच्या वर मोजणी करू पाहणारा वस्तुतः शून्यापासूनचीच जमीन पुन्हा मोजतो, आणि मोजता मोजता तेथील इंटरप्टांची सूची पुसून टाकून स्वतःचाच घात करून घेतो. चौथा धोका सर्वांत गंभीर: काही पत्त्यांवर स्मृती नसून एखादे कार्ड किंवा उपकरण बसलेले असते, आणि तेथे केलेले लेखन हे त्या उपकरणाला दिलेला हुकूम ठरते. दुसऱ्याच्या उभ्या पिकात मोजणीची साखळी ओढीत नेण्यासारखाच हा प्रकार असल्याने, दफ्तर उपलब्ध असताना अशी प्रत्यक्ष मोजणी करू नये, असाच पुढे संकेत ठरला.

मग दफ्तरच सुधारणे भाग होते. एटीच्या बायॉसने १५ क्रमांकाच्या इंटरप्टमध्ये ८८ हा उपक्रमांक देऊन विस्तारित स्मृतीची चौकशी करण्याची सोय केली. परंतु उत्तर १६ बिटांच्या एका रजिस्टरमध्ये, किलोबाइटच्या हिशेबाने येत असल्यामुळे ते ६५,५३५ च्या वर जाऊच शकत नव्हते. १९८४ साली ६४ मेगाबाइट ही मर्यादा क्षितिजाएवढी दूर भासली असावी. बारा-तेरा वर्षांत ती उंबरठ्याशी आली. १२८ मेगाबाइट स्मृती घातलेल्या यंत्रावर त्या काळचे लिनक्स चढविले असता ते ६४ वरच अडून राही, आणि मग लिलो या प्रारंभकाच्या संचिकेत 'मेम' या शब्दापुढे खरा आकडा हाताने लिहून द्यावा लागे. कळांच्या पट्ट्या जाऊन दीड दशक लोटल्यावर कारभार असा पुन्हा मालकाच्या जबानीवर येऊन ठेपला, आणि तोही अधिक धोक्याने. कारण येथे आकडा फुगवून सांगितला तर आरंभी कोणी हरकत घेत नसे, यंत्र चालू लागे आणि काम भरात आले असता कोसळे.

आकड्याच्या मर्यादेपेक्षाही मोठे वैगुण्य दुसरेच होते. जुन्या कार्डांच्या सोयीसाठी अनेक यंत्रांत १५ ते १६ मेगाबाइट हा पट्टा मोकळा सोडता येत असे. म्हणजे स्मृती अखंड न राहता तिच्यात खिंडार पडे, आणि 'एकूण इतकी' असे सांगणाऱ्या एका संख्येत खिंडाराला स्थान नसते. ई८०१ या पुढील उपक्रमांकाने एका संख्येच्या दोन केल्या: १६ मेगाबाइटच्या खालची स्मृती किलोबाइटांत आणि वरची ६४ किलोबाइटांच्या तुकड्यांत. यामुळे मर्यादा ४ गिगाबाइटच्या आसपास गेली आणि एका खिंडाराची तजवीज झाली. दुसरे खिंडार पडल्यास मात्र याही पद्धतीचा नाइलाज होता.

खरी क्रांती झाली ती ई८२० या उपक्रमांकाने, ज्याला १९९६ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या एसीपीआय मानकात स्थान मिळाले. त्याने संख्येचा नादच सोडून दिला आणि खसरा तयार केला. विचारणा करणाऱ्याने आपली ओळख म्हणून 'एसमॅप' ही चार अक्षरी खूण दाखवावयाची. बायॉस तीच खूण परत करून एक नोंद देतो आणि पुढच्या नोंदीचा दुवा हाती ठेवतो. दुवा शून्य आला की दफ्तर संपले. प्रत्येक नोंद २० बाइटांची: आरंभाचा पत्ता, लांबी, आणि प्रकार. ६४ मेगाबाइटच्या एखाद्या सामान्य यंत्राचा उतारा साधारणतः असा निघतो: शून्यापासून ६३९ किलोबाइटपर्यंत वहितीस योग्य; पुढील १ किलोबाइट बायॉसच्या खासगीकडे राखीव; ९६० किलोबाइटपासून १ मेगाबाइटपर्यंत रॉमसाठी राखीव; १ मेगाबाइटपासून ६४ पर्यंत पुन्हा वहितीस योग्य; आणि ४ गिगाबाइटच्या अगदी माथ्यावर आणखी एक लहानसा राखीव तुकडा. प्रकार १ म्हणजे मोकळी स्मृती, २ म्हणजे राखीव. ३ म्हणजे तीतील तक्ते वाचून झाल्यावर ताब्यात घेता येण्याजोगी, ४ म्हणजे कधीही हात न लावण्याची. आणि पुढे भर पडलेला ५ म्हणजे सदोष, ज्याला आपल्या सातबाऱ्याच्या भाषेत पोटखराबा म्हणता येईल. ६४० ते ९६० या दरम्यानच्या जागेची या उताऱ्यात नोंदच नाही, हेही ध्यानात घ्यावे. जिची नोंद नाही ती आपली समजू नये, हा येथला अलिखित कायदा आहे.

खसरा आला म्हणून तंटे संपले असे मात्र नाही. नोंदी क्रमाने येतीलच अशी हमी नाही. कधी दोन नोंदींच्या हद्दी एकमेकींवर चढतात, कधी तोच तुकडा एकीत मोकळा तर दुसरीत राखीव दाखविलेला असतो. म्हणून लिनक्ससारखी कार्यप्रणाली मिळालेला तक्ता जसाच्या तसा न वापरता प्रथम त्याची छाननी करते, क्रम लावते, आणि वादग्रस्त तुकड्याचा निकाल अधिक सावध प्रकाराच्या बाजूने देते. शिवाय ती प्रश्न एकच विचारीत नाही; आधी ई८२०, नंतर ई८०१, आणि शेवटी ते जुने ८८, अशा तिन्ही पिढ्यांच्या साक्षी काढते. येथे या इतिहासाची एक लक्षणीय प्रकृती दिसून येते. नवा प्रश्न आला म्हणून जुना रद्द झाला नाही. १२ क्रमांकाच्या हाकेला पंधरा-वीस वर्षांनंतरची यंत्रेही ६३९ वा ६४० असे प्रामाणिक उत्तर देत राहिली, कारण त्या हाकेवर विसंबलेल्या आज्ञावलींना दिलेला शब्द मोडावयाचा नव्हता. उत्तर खोटे झाले नाही. त्याच्या हद्दीबाहेरचे जग तेवढे वाढत गेले.

या पुस्तकाची व्याप्ती आयबीएमच्या वंशातील यंत्रांपुरती मर्यादित ठेवली आहे, याबद्दल दोन शब्द लिहिणे अगत्याचे वाटते. अकोला जिल्ह्यात जन्मलेले आणि नागपूरच्या विश्वेश्वरय्या महाविद्यालयातून अभियांत्रिकीची पदवी घेतलेले डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या सी-डॅकमध्ये १९९१ साली सिद्ध झालेल्या परम ८००० या महासंगणकात ट्रान्सप्युटर जातीचे अनेक प्रोसेसर होते आणि प्रत्येकाची स्मृती त्याची स्वतंत्र होती; तेथे मोजणीचा प्रश्न सर्वस्वी निराळे रूप घेतो, आणि त्याला स्वतंत्र ग्रंथच हवा. विदर्भातील वाचकाला त्या विषयाचे आकर्षण वाटणे साहजिक असले तरी, शाळांच्या व कचेऱ्यांच्या अडगळीत पडलेली, अजून हाताने उघडून पाहता येण्याजोगी जी यंत्रे आहेत, त्यांचाच विचार प्रथम करणे मला उचित वाटले.

पुढील प्रकरणे कालक्रमाने रचली आहेत: पहिल्यात कळांची जबानी, दुसऱ्यात बायॉसचे दफ्तर, तिसऱ्यात सीमॉस आणि ए२०, चौथ्यात प्रत्यक्ष मोजणी व तिचे चकवे, आणि शेवटच्या दोहोंत तक्त्यांची पद्धत. प्रत्यक्ष प्रयोग करू इच्छिणाऱ्याने मात्र उलट क्रमाने चालावे. सर्वांत नव्या दफ्तराची मागणी आधी करावी, ते न मिळाल्यास त्याआधीचे मागावे, आणि सर्व दफ्तरे मुकी ठरल्यावरच साखळी हाती घ्यावी, तीही ए२० उघडून, कॅश बंद करून आणि उपकरणांच्या जागा वगळून. विद्यार्थ्यांनी यातील षोडशमान क्रमांक पाठ करावेत अशी माझी अपेक्षा नाही. ते कोष्टकांत पाहता येतात. पडद्यावर एखादा आकडा उमटला की तो कोणी मोजला, केव्हा मोजला, त्याला जास्तीत जास्त किती मोठे होण्याची मुभा होती आणि मधल्या कोणी त्यात फेरफार केलेला असू शकेल, हे चार प्रश्न विचारण्याची सवय जडली, तर पुस्तकाचा हेतू सफल झाला असे मी समजेन.

नागपूर,
विजयादशमी